फ्युएल सेल म्हणून गळ्यात मारलेला अॅल्युमिनियमचा डबा

ट्रॅकसाठी गाडी तयार करणाऱ्यांना सध्या एक जण ‘एफआयए मान्यता, वापरलेली पण नव्यासारखी’ फ्युएल सेल विकतोय. फ्युएल सेल म्हणजे रेसच्या गाडीत बसवायची, धडकेत सहजी न फुटणारी पेट्रोलची टाकी, आणि एफआयए ही मोटर रेसिंगची जागतिक संघटना. सांगलीत माझे ४२ हजार गेले. सातारा-कोल्हापूरकडचे आणखी कोणी त्याच्याशी बोलत असतील तर आधी हे वाचा.

माझी गाडी जुनी होंडा सिटी व्हीटेक. कोइमतूरजवळच्या करी मोटर स्पीडवेवर वळणात गाडी दाबली आणि टाकीत पेट्रोल कमी असलं की ते सगळं एका अंगाला जातं, पंप हवा ओढतो आणि इंजिन आचके देतं. मागून कोणी ठोकलं तर काय, ही धास्ती वेगळीच. म्हणून सेल घ्यायची ठरली.

खऱ्या सेलमध्ये जीव असतो तो आतल्या पिशवीत. रबर चढवलेल्या मजबूत कापडाची ही पिशवी धडकेत दबते, ताणते, पण सहजी फाटत नाही. बाहेरचा धातूचा डबा तिला नुसता सांभाळतो. एफआयएचे दर्जे एफटी३, एफटी३.५ आणि एफटी५ असे चढत्या मजबुतीचे, आणि ते पिशवीचे असतात, डब्याचे नव्हेत. पिशवीवर उत्पादकाचं नाव, दर्जा आणि मुदत संपण्याची तारीख छापलेली असते. मुदत बनवल्यापासून जास्तीत जास्त ५ वर्षं. पुढे उत्पादकानेच तपासून दाखला दिला तर आणखी २ वर्षांपर्यंत. त्यामुळे ‘दहा वर्षं जुनी, पण वापरलीच नाही’ असं कोणी सांगितलं तर फोन ठेवून द्या.

या गड्याने फोटो पाठवले ते खऱ्या पिशवीचे. तारीख स्वच्छ वाचता येत होती. व्हिडिओ कॉलवर डबा उघडून दाखवा म्हटलं तर उत्तर आलं, “दादा, कंपनीचं सील आहे. झाकण काढलं की सर्टिफिकेट रद्द होतं.” या थापेवरच त्याचा सगळा धंदा चाललाय. सेलच्या तोंडावरची बोल्टची प्लेट काढण्यासाठीच असते. पेट्रोल हिंदकळू नये म्हणून आत भरलेला फोम तपासायचा, बदलायचा तर दुसरा रस्ताच नाही. पैसे यूपीआयवर आगाऊ घेतले, जीएसटीचं बिल ‘मालासोबत येईल’. माल ट्रान्सपोर्टने आला, बिल काही आलं नाही.

गाडीत बसवण्याची पट्टी मारायला डबा कुपवाड एमआयडीसीत नेला. वेल्डिंगवाल्या अण्णांनी आधी आत पेट्रोल आहे का बघायला प्लेट खोलली, हात घातला आणि माझ्याकडे बघत म्हणाले, “आरं, यात पिशवी कुठाय? ह्यो तर सोफ्याचा फोम हाय!”

पिशवी नव्हतीच. डब्याच्या आतली वेल्डिंगची शिवण उघडी दिसत होती, म्हणजे पेट्रोल थेट पत्र्याला लागणार आणि ठोकर बसली की शिवण उसवणार. हवेच्या नळीला रोलओव्हर व्हॉल्व्हसुद्धा नाही. गाडी उलटली की पेट्रोल तिथूनच बाहेर. फोमचा तुकडा बरणीत पंपावरच्या पेट्रोलमध्ये टाकून ठेवला. सकाळी तो फुगला होता आणि चिमटीत धरताच भुगा झाला. हाच भुगा पुढे गाडीच्या इंधन पंपाच्या जाळीत बसला असता. आता आपल्याकडचं पेट्रोल ई२०, म्हणजे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं. खरी सेल घेतानाही तिचा फोम आणि पिशवी इथेनॉलला चालते का, हे उत्पादकाकडून लेखी घ्या.

२०२० मध्ये बहरीनला फॉर्म्युला वन ड्रायव्हर रोमाँ ग्रोजाँची गाडी पेटलेली सगळ्यांनी पाहिली. तिथे नियमातली पिशवी असूनही इंधनाची जोडणी तुटली होती. इथे तर पिशवीच नाही!

सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, ग्राहक हेल्पलाइन १९१५ लाही कळवलं. पैसे अजून आलेले नाहीत. मान्यताप्राप्त उत्पादकांची यादी एफआयए स्वतः जाहीर करते, तिच्यात नाव बघा. वापरलेली घ्यायचीच असेल तर समोर प्लेट खोलून पिशवीवरची तारीख डोळ्यांनी वाचल्याशिवाय एक रुपया सोडू नका.

परवा त्याची नवी जाहिरात दिसली. फोटो तोच, कोपऱ्यात निळी ताडपत्री असलेला. किंमत वाढवलीय आणि वर ‘एफटी५’ लिहिलंय. फोटो मोठा करून बघा, पिशवीवर अजून एफटी३ च छापलेलं आहे.