दोन फुटी डिश, फ्री डिशचा सेट आणि आमची गच्ची : दीड वर्ष वापरून लिहिलेला रिव्ह्यू

सॅटेलाइट टीव्हीचा नाद ज्याला लावून घ्यायचाय त्याने सुरुवात डीडी फ्री डिशनेच करावी, आणि डिश माणूस बोलावून नाही तर स्वतःच्या हाताने बसवावी, हे माझं दीड वर्ष वापरल्यानंतरचं मत आहे. टीव्ही बघायला मिळतो ते तर आहेच, पण ३६ हजार किलोमीटरवरच्या एका उपग्रहाचा सिग्नल आपण आपल्या दहा बोटांनी पकडला ही गोष्ट वेगळीच असते, ती विकत मिळत नाही.

मी घेतलं काय तर २ फुटी ऑफसेट डिश, केयू बँडचा (घरगुती डिश ज्या लहरींवर चालते त्या) एलएनबी म्हणजे डिशच्या पुढे दांड्यावर बसणारा, सिग्नल पकडणारा डबा, १५ मीटर आरजी-६ केबल, एक एमपेग ४ वाला (चित्र दाबून पाठवायची नवी पद्धत) सेटटॉप बॉक्स आणि सिग्नल शोधायचा, सुई हलते तसला साधा फाइंडर मीटर. सगळं पुण्यात तपकीर गल्लीतून, एकूण साडेएकोणीसशे रुपये पडले आणि त्यानंतर दर महिन्याला काहीच नाही. कार्ड नाही, रिचार्ज नाही. हा खरा मुद्दा आहे कारण घरी अण्णा, वय ७८, त्यांना सह्याद्रीच्या बातम्या आणि एखादा जुना मराठी पिक्चर एवढंच लागतं, त्यासाठी महिन्याला तीनशे-साडेतीनशे भरत होतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही दूरदर्शनचीच सेवा, डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस नावाने सुरू झाली, फ्री डिश हे नाव नंतरचं. आता सिग्नल येतो जीसॅट-१५ वरून, तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे, हा उपग्रह नोव्हेंबर २०१५ मध्ये फ्रेंच गयानातल्या कुरूहून सोडला. खाजगी चॅनलवाले लिलावात बोली लावून जागा घेतात, म्हणून यादी बदलत राहते, आज दिसणारा चॅनल पुढच्या एप्रिलात असेलच असं नाही, ते मनात धरूनच घ्या. दूरदर्शनचे स्वतःचे चॅनल, आकाशवाणीचे रेडिओ चॅनल आणि शिक्षणाचे चॅनल मात्र भरपूर आहेत. रेडिओ टीव्हीवर ऐकायचा ही कल्पना मला आधी पटत नव्हती, आता सकाळी आमच्याकडे टीव्हीवर विविध भारतीच चालू असते, खरखर अजिबात नाही.

आता डिश लावण्याबद्दल, इथे जरा सविस्तर लिहितो कारण माझे दोन रविवार इथेच गेले. आमचं घर साताऱ्यात, इथून उपग्रहाची दिशा येते होकायंत्रावर १३० अंश म्हणजे सरळ आग्नेय, आणि क्षितिजापासून उंची साधारण ६० अंश. गच्चीवर उभं राहिलं की अजिंक्यताऱ्याच्या डावीकडे. पहिल्या रविवारी मोबाईलच्या होकायंत्रावर विश्वास ठेवून दिशा धरली आणि चार तास काहीच नाही. कारण नंतर कळलं, मी मोबाईल गच्चीच्या लोखंडी रेलिंगला टेकवून बघत होतो, तिथे सुई वीस-पंचवीस अंश खात होती. गच्चीच्या मधोमध, लोखंडापासून लांब उभं राहून दिशा घ्या, समोर लांबची एखादी खूण धरा, आणि मग डिशपाशी या.

दुसरी गोष्ट, ऑफसेट डिश डोळ्यांना फसवते. उंची ६० अंश म्हटल्यावर वाटतं डिश जवळपास आभाळाकडे तोंड करून पालथ्या छत्रीसारखी ठेवायची. तसं नाही, ऑफसेट डिशवर सिग्नल वरून पंचवीसेक अंश तिरका येतो आणि खालच्या बाजूला बसवलेल्या एलएनबीत जातो, त्यामुळे डिश समोरच्या नारळाच्या शेंड्याकडे बघतेय असं वाटतं तेव्हा ती खरंतर त्याच्या कितीतरी वर बघत असते. मागच्या क्लॅम्पवर आकडे कोरलेले असतात, ते बघून लावायचं, अंदाजाने नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, बॉक्सच्या स्क्रीनवर दोन पट्ट्या येतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थची पट्टी एलएनबीला करंट मिळाला की भरते, डिश भिंतीकडे वळवली तरी भरलेली दिसते. नवीन माणूस तीच बघून खूश होतो. बघायची ती क्वालिटी, आणि ती अचानक येते, शून्य शून्य शून्य आणि एकदम ४०. दोन फुटी डिशच्या कडेला एक अंश म्हणजे जेमतेम ५ मिलिमीटर सरकणं, त्यामुळे भसाभस फिरवून काही होत नाही, नटाला बोटभर ढील द्यायची, केसाएवढं सरकवायचं, दोन सेकंद थांबायचं कारण बॉक्सलाही सिग्नल पकडायला वेळ लागतो, मग पुढे. मी बॉक्समध्ये फ्री डिशचा एक ट्रान्सपॉन्डर, म्हणजे उपग्रहावरचा चॅनल पाठवणारा एक प्रक्षेपक, भरून ठेवला होता: फ्रिक्वेन्सी ११०९०, व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५००. फाइंडर मीटर इथे अर्धीच मदत करतो, तो कुठल्याही उपग्रहावर पीं पीं करतो, शेजारी ९५ अंशावर डिश टीव्हीचा उपग्रह आहे तिथेही सुई नाचते, पण तिथे आपल्या ट्रान्सपॉन्डरची क्वालिटी येणार नाही. मीटर ढोबळ जागेसाठी, शेवटची खात्री बॉक्सवरच. त्यामुळे मी जुना १५ इंची मॉनिटर वरच घेऊन गेलो, खालून कोणी 'आलं, गेलं' ओरडायची गरज नाही. भाचा आठवीत आहे, तो मॉनिटरपाशी टॉवेलची सावली धरून बसला होता, दुसऱ्या रविवारी दुपारी साडेबाराला क्वालिटी ५२ झाली आणि त्याने मला मिठीच मारली. मग एलएनबी क्लॅम्पमध्ये थोडा थोडा फिरवत ५२ ची ७१ केली, हे फिरवणं लोक विसरतात, तिथे फुकटात बरेच पॉइंट मिळतात.

बॉक्सबद्दल. लोकल मेक आहे, चित्र छान, ब्लाइंड स्कॅन (आकडे न भरता बॉक्स स्वतःच चॅनल शोधतो) आहे जो या छंदाला हवाच, यूएसबीवर रेकॉर्डिंग होतं. पण अडॅप्टर भिकार, दुसऱ्या महिन्यात गेला, मी १२ व्होल्टचा वेगळा घेतला तेव्हापासून त्रास नाही. आणि दुकानदाराने आधी मला जुना एमपेग २ वाला बॉक्स गळ्यात मारायचा प्रयत्न केला, दोनशे रुपये स्वस्त म्हणून, म्हणे सगळं दिसतं. दिसत नाही. फ्री डिशवर दोन्ही प्रकारचे चॅनल आहेत आणि एमपेग २ च्या बॉक्सला एमपेग ४ वाले लागतच नाहीत. दोनशे रुपयांसाठी हे करू नका, बॉक्सवर एमपेग ४ आणि डीव्हीबी-एस२ (उपग्रहाच्या सिग्नलची नवी पद्धत) लिहिलेलं स्वतः वाचून घ्या.

केबलचं टोक सोलताना जाळीची एक बारीक तार मधल्या तांब्याला टेकली तरी बॉक्स 'एलएनबी शॉर्ट' दाखवतो, घाबरू नका, बॉक्स बंद करून टोक परत नीट सोला. बॉक्स चालू असताना एफ-कनेक्टर (केबलच्या टोकाचा फिरवून बसवायचा) काढू-घालू नका, त्यातून १३ किंवा १८ व्होल्ट वर जात असतात.

पावसाळा. साताऱ्याचा पाऊस म्हणजे काय ते सांगायला नको. केयू बँड मोठ्या सरीत जातो, दहा-पंधरा मिनिटं चौकोन चौकोन, मग परत येतो, याला इलाज नाही. पण नुसत्या भुरभुरीत जात असेल तर पावसाला बोल लावू नका, डिश नीट लागलेली नाही. मी पहिल्या जुलैत ७१ वर होतो तरी जायचं, शेवटी कनेक्टर उघडला तर आत पाणी, तांबं हिरवं पडलेलं. नवीन कनेक्टर, वर रबरी टेप, आणि केबल एलएनबीपासून आधी खाली लोंबती सोडून मग वर घेतली म्हणजे पाणी त्या झोळातूनच गळून जातं. गेल्या पावसाळ्यात फक्त मोठ्या सरींनाच गेला.

एक गंमत सांगतो जी मला फार आवडते. मार्चच्या मध्यात आणि सप्टेंबरच्या शेवटी काही दिवस सकाळी अकराच्या सुमारास काही मिनिटं चित्र बिघडतं, पाऊस नाही, ढग नाही. तेव्हा सूर्य आपल्याकडून बघितलं तर बरोब्बर उपग्रहाच्या मागे आलेला असतो आणि त्याचा गोंगाट सिग्नलला झाकून टाकतो. म्हणजेच त्या दिवसांत, त्या वेळेला तुमच्या गच्चीवर जिथे ऊन पडतं तिथून उपग्रह दिसतो, जिथे झाडाची किंवा टाकीची सावली आहे तिथून नाही. मी आता खडूने खुणा करून ठेवल्यात. ही डिश उद्या हलवायची झाली तर कुठे लावायची ते सूर्यानेच सांगून ठेवलंय.

आता दुसरी डिशही लावणारच आहे, ६ फुटी सी बँडची (केयूपेक्षा कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी). ती ८३ अंशाकडे, जिथे २०२० च्या जानेवारीत सोडलेला जीसॅट-३० आहे, तिथे काही चॅनल लॉक आहेत काही खुले, आणि सी बँडला पाऊस फारसा बाधत नाही. आपल्या देशात १९७५-७६ मध्ये साइट नावाच्या, उपग्रहावरून शिक्षणाचे कार्यक्रम दाखवायच्या प्रयोगात सहा राज्यांतल्या २४०० गावांनी १० फुटी डिशवर उपग्रहाचा टीव्ही बघितला, आणि त्या डिश कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या होत्या. हे वाचल्यापासून मला मोठ्या डिशची भीती वाटत नाही.

पाच पैकी साडेचार. अर्धा कापला तो अडॅप्टरचा. भिंतीला लावताना लाकडी गुट्टी चालत नाही, रावल बोल्टच घ्या, आणि शेवटी सगळे नट घट्ट करताना एकेक आळीपाळीने आवळा आणि नजर क्वालिटीवर ठेवा, माझी पहिल्यांदा आवळतानाच ७१ ची ५८ झाली होती.