नाकामुरा आधी जपानचा पाहावा की अमेरिकेचा?

मागच्या महिन्यात मावसभावाचा फोन आला. डब्ल्यूडब्ल्यूई बघता बघता त्याला शिन्सुके नाकामुरा या जपानी कुस्तीगीराचं वेड लागलंय. "दादा, माझ्याकडे दोन शनिवार-रविवार आहेत. हा माणूस मुळापासून बघायचाय. जपानपासून सुरू करू की अमेरिकेपासून?" त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा नीट मांडतो, कारण असा प्रश्न पडलेले बरेच जण असणार. आपल्याकडे बहुतेकांना नाकामुरा दिसला तो 2017 नंतर स्मॅकडाउन या डब्ल्यूडब्ल्यूईच्या साप्ताहिक कार्यक्रमात: व्हायोलिनची ती धून, एका बाजूने तासलेलं डोकं, अंगात हाडं नसल्यासारखं डोलत येणं. त्याआधीची चौदा वर्षं बघायची राहूनच गेली.

माझा कौल आधीच सांगतो. जपान आधी, आणि त्यातही 2012 ते जानेवारी 2016 एवढाच काळ. मग अमेरिकेतलं एनएक्सटीचं, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईच्या नव्या कुस्तीगीरांच्या कार्यक्रमाचं, 2016. बाकीचं निवडून.

2012च्या मागचं का वगळायचं? ते वाईट नाही, पण तो नाकामुरा अजून घडतोय. क्योटो प्रांतातला हा मुलगा, आओयामा गाकुइन विद्यापीठात कुस्ती खेळलेला. 29 ऑगस्ट 2002 ला टोकियोच्या निप्पोन बुडोकानमध्ये न्यू जपान प्रो रेसलिंग या कुस्ती कंपनीकडून त्याचा पहिला सामना झाला आणि तो हरला. त्या वर्षांत कंपनीचा संस्थापक आंतोनिओ इनोकी याला आपले कुस्तीगीर खऱ्याखुऱ्या मिश्र मार्शल आर्ट्सच्या लढतीतही उतरवायचे होते. नाकामुरा उतरला. डिसेंबर 2003 मध्ये, वयाच्या 23 व्या वर्षी, तो आयडब्ल्यूजीपी हेवीवेट या कंपनीच्या मुख्य किताबाचा सर्वांत तरुण मानकरी झाला. त्याच महिन्याच्या 31 तारखेला तो अलेक्सी इग्नाशोव्ह या किकबॉक्सरशी खरी लढत लढला आणि 4 जानेवारीला टोकियो डोममध्ये योशिहिरो ताकायामा या कुस्तीगीरासमोर उभा राहिला. पाच दिवसांत दोन वेगळ्या खेळांचा मार त्या पोराने खाल्ला. थोड्याच दिवसांत दुखापतीमुळे किताब सोडावा लागला. हे वाचून आदर वाटतो, पण नव्या प्रेक्षकाला त्या सामन्यांत तो डोलणारा, डोळे मिचकावणारा माणूस सापडत नाही.

तो आकार घेऊ लागतो 2009 नंतर, केऑस हा गट काढल्यावर. धावत येऊन गुडघा थेट तोंडावर मारायचा हा त्याचा शेवटचा डाव, नाव 'बोमा ये'. या नावामागची गोष्ट माहीत असली की बघण्याची मजा वाढते. 1974 मध्ये किन्शासात मोहम्मद अली जॉर्ज फोरमनशी लढला तेव्हा प्रेक्षक लिंगाला भाषेत ओरडत होते, 'अली, बोमा ये', म्हणजे त्याला ठार कर. 1976 मध्ये अली आणि इनोकी बुडोकानमध्ये एकमेकांसमोर आले आणि पुढे तीच घोषणा इनोकीच्या प्रवेशाच्या धूनमध्ये आली. नाकामुराने डावाला ते नाव दिलं तेव्हा गुरूचं देणं मान्य केलं. अमेरिकेत गेल्यावर डाव तोच राहिला, नाव झालं 'किन्शासा'. घोषणा गेली, तिचं गाव उरलं. मला हे नामांतर आवडतं. मोठ्या कंपन्या बाहेरून आलेल्याचं सगळं पुसून टाकतात, इथे निदान धागा तुटला नाही.

आता दोन्हीकडचा मुख्य फरक. निकाल दोन्हीकडे आधीच ठरलेले असतात, तो मुद्दा नाही. जपानमध्ये गोष्ट रिंगमध्ये घडते. कोण कोणाला कमी लेखतो, कोणाचा संयम कधी सुटतो, हे सगळं सामन्याच्या वीस-पंचवीस मिनिटांत अंगावरून वाचायचं असतं. डब्ल्यूडब्ल्यूईत गोष्ट बरीचशी माइकवर आणि दर आठवड्याच्या कार्यक्रमात घडते, सामना तिला पुढे नेण्यापुरता. नाकामुराचं सगळं बळ पहिल्या प्रकारात आहे.

सर्वांत चांगला पुरावा म्हणजे अमेरिकी कुस्तीगीर एजे स्टाइल्स. हा एकच प्रतिस्पर्धी दोन्ही देशांत, दोन्हीकडच्या वर्षातल्या सर्वांत मोठ्या कार्यक्रमात. दोन्ही सामने लागोपाठ बघाच.

पहिला 4 जानेवारी 2016, टोकियो डोम, रेसल किंगडम 10. स्टाइल्सची पाठ दुखावलेली आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. सुरुवातीलाच तो पाठ धरून कळवळतो, प्रेक्षक गप्प होतात, आणि मग कळतं की हा सापळा आहे. तिथून चोवीसेक मिनिटं दोघं एकमेकांना जोखत राहतात. शेवटी गुडघा बसतो आणि नाकामुरा न्यू जपानचा दुय्यम, म्हणजे इंटरकॉन्टिनेंटल किताब राखतो. त्यानंतरचं दृश्य मला सर्वांत प्रिय आहे: थकलेले दोघं एकमेकांच्या मुठीला मूठ लावतात. दोघंही त्या महिन्यात कंपनी सोडून अमेरिकेला निघाले होते.

दुसरा 8 एप्रिल 2018, न्यू ऑर्लिन्स, रेसलमेनिया 34. जानेवारीत रॉयल रम्बल, म्हणजे जिंकणाऱ्याला मुख्य किताबाचा सामना मिळवून देणारी अनेकांची लढत, जिंकून नाकामुरा इथवर आला होता. त्याच रात्री महिलांची रम्बल असुकाने जिंकली, म्हणजे दोन्ही मान जपानकडे. अपेक्षा आभाळाला टेकलेल्या. प्रवेश देखणा, नीता स्ट्रॉस गिटार वाजवतेय. सामना मात्र कुठेतरी अडखळत चालतो. चांगला आहे, पण टोकियोतलं ते जोखणं त्यात नाही. नाकामुरा गुडघा मारायला धावतो, स्टाइल्स त्याला वरच्या वर झेलून स्टाइल्स क्लॅश या आपल्या शेवटच्या डावात आपटतो आणि जिंकतो. मग नाकामुरा गुडघ्यावर बसून पट्टा अदबीने त्याच्या हाती देतो आणि दुसऱ्याच क्षणी कमरेखाली मारतो. प्रेक्षक थक्क. डब्ल्यूडब्ल्यूईची ताकद ती हीच. सामना विसरला जातो, पण तो एक क्षण सगळ्यांच्या लक्षात राहतो.

त्यानंतरचे काही महिने मात्र मी आवर्जून सुचवेन. कारण विचारलं की हा खलनायक नाकामुरा शांतपणे म्हणायचा, "नो स्पीक इंग्लिश." जी भाषा त्याची अडचण मानली जात होती तीच त्याने हत्यार केली. मालिका शेवटी स्टाइल्सनेच जिंकली. नाकामुराला डब्ल्यूडब्ल्यूईचा मुख्य किताब अजून एकदाही मिळालेला नाही, आणि हे मला मनापासून खुपतं. युनायटेड स्टेट्स किताब तीनदा, इंटरकॉन्टिनेंटल दोनदा, एवढ्यावर एनएक्सटी सोडून त्याची तिथली एकेरी किताबांची कमाई थांबते.

याउलट जपानमध्ये दुय्यम किताबही त्याच्या हातात मोठा झाला. 2012 मध्ये त्याने इंटरकॉन्टिनेंटल किताब घेतला आणि पट्टाच बदलून पांढरा करवला. मग 4 जानेवारी 2014 ला टोकियो डोमचा शेवटचा सामना कोणता असावा यावर प्रेक्षकांचं मत घेतलं गेलं. लोकांनी ओकादा विरुद्ध नाइतो हा मुख्य किताबाचा सामना बाजूला ठेवून पांढऱ्या पट्ट्यासाठीचा तानाहाशी विरुद्ध नाकामुरा निवडला. नाकामुरा तो सामना हरला. पण पांढरा पट्टा मुख्य पट्ट्याच्या वर गेला, आणि तो लोकांनी नेला.

जपानमधला एकच सामना बघायचा असेल तर 4 जानेवारी 2015 चा, कोता इबुशीविरुद्धचा बघा. इबुशी त्याचेच डाव त्याच्यावर उलटवतो, त्याची नक्कल करतो आणि नाकामुराच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळतं. एका ठिकाणी इबुशी दोराच्या आतून, दुसऱ्या दोरावर उभा राहून, बाहेरच्या कडेवर असलेल्या नाकामुराला उचलून मागे फेकतो. मी ते दहा वेळा तरी थांबवून पाहिलं असेल. त्या कार्यक्रमाला डब्ल्यूडब्ल्यूईचा जुना समालोचक जिम रॉसचं इंग्रजी समालोचन आहे, त्यामुळे जपानी येत नाही ही अडचणही राहत नाही.

अमेरिकेतला एकच निवडायचा तर 1 एप्रिल 2016 चा, डॅलसमधला, सॅमी झेनविरुद्धचा. एनएक्सटीमधला त्याचा पहिलाच सामना, आणि लोक 'फाइट फॉरेव्हर' ओरडत सुटलेत. इथे दोन्ही देश एकत्र येतात: जपानी पद्धतीचा सामना, अमेरिकी प्रेक्षकांचा आवाज. पुढच्या वर्षी स्मॅकडाउनवर गेल्यावर हे मिश्रण पातळ झालं. 2017 ची जिंदर महालशी झालेली मालिका सरळ गाळा. महाल पंजाबी वंशाचा म्हणून आपल्याकडे त्याचं कौतुक झालं, पण नाकामुराच्या चेहऱ्यावरून, वंशावरून जी चेष्टा त्याच्या तोंडी घातली ती बघवत नाही. 2023 मध्ये सेथ रॉलिन्सविरुद्ध नाकामुराला जपानीत बोलू दिलं आणि खाली इंग्रजी ओळी दिल्या, तेव्हा तो किती धारदार बोलू शकतो ते दिसलं. हे सहा वर्षं आधी सुचायला हवं होतं.

खर्चाचं आणि सोयीचं गणित वेगळं आहे. डब्ल्यूडब्ल्यूई भारतात एप्रिल 2025 पासून नेटफ्लिक्सवर आहे, बहुतेकांच्या घरी ते असतंच. न्यू जपानसाठी त्यांच्या न्यू जपान प्रो रेसलिंग वर्ल्डची वेगळी मासिक वर्गणी भरावी लागते, आणि तीही येनमध्ये. एका महिन्यापुरती घ्या, वर सांगितलेले सामने बघा, नको वाटलं तर बंद करा. पण दर आठवड्याला घरच्यांसोबत बसून बघण्याची गंमत हवी असेल, लांब सामन्यांना धीर नसेल, तर डब्ल्यूडब्ल्यूईपासूनच सुरू करा. त्यात काही कमीपणा नाही.

शेवटच्या रविवारची रात्र मात्र एका सामन्यासाठी राखून ठेवा. 1 जानेवारी 2023, जपानचा दिग्गज कुस्तीगीर ग्रेट मुता विरुद्ध नाकामुरा. मुता निवृत्तीच्या उंबरठ्यावर, नाकामुरा डब्ल्यूडब्ल्यूईच्या करारात असताना खास परवानगीने नोआ या तिसऱ्याच कंपनीच्या रिंगमध्ये आलेला, आणि जागा तीच, निप्पोन बुडोकान, जिथे वीस वर्षांपूर्वी तो पहिला सामना हरला होता. मुता तोंडातून रंगीत फवारा उडवण्यासाठी ओळखला जातो. नाकामुरा त्याला जवळ ओढतो, ओठांना ओठ लावून तो फवारा शोषून घेतो, त्याच्याच तोंडावर उडवतो आणि मग दोन पावलं मागे जाऊन धावत सुटतो.