लहान मुलांचा गटातला पोहण्याचा वर्ग: सहा महिन्यांनंतर

वय चार ते सहा, बॅच सहाजणांची, आठवड्यातून दोनदा अर्धा तास. गटाचा खरा फायदा कुठे झाला म्हणाल, तर काठ धरून थांबलेल्या वेळात.

हिशेब साधा आहे. पाण्यात उतरणं-निघणं यात पाच मिनिटं जातात. उरलेली पंचवीस सहाजणांत वाटली, की एकेकाच्या वाट्याला कोच जेमतेम चार मिनिटं. वैयक्तिक शिकवणीपुढे हे फारच थोडं. पण कोचने दहादा सांगूनही तोंड पाण्यात न घालणारं मूल, शेजारच्याने बुडबुडे काढले की स्वतःहून वाकतं. मात्र थांबलेल्या मुलांना काहीतरी करायला हवं: काठ धरून पाय मारणं, बुडबुडे, नाहीतर समोरच्याने किती वेळा पाय मारले ते मोजणं. नुसती कुडकुडत उभी असतील, तर ती बॅच सोडा. या वयाला पाणी साधारण तीस अंशांच्या वर असावं. ओठ निळसर दिसले की तास तिथेच थांबवायचा.

नक्कल चुकांचीही होते. एकाने सायकल चालवल्यासारखे गुडघे दुमडून पाय मारले, की आठवड्याभरात तिघे तसेच मारतात. पाय मांडीपासून हलायला हवा, घोटा सैल. दंडाला फुगे बांधून शिकवत असतील तर हा दोष पक्का होतो, कारण फुग्यांमुळे शरीर पाण्यात उभंच राहतं. ते काढल्यावर आडवं तरंगणं शून्यापासून शिकावं लागतं.

पालथं तरंगताना पाय बुडतात, आणि बहुतेक वेळा त्याला कारण आपणच. आई-बाबा समोरच्या काठावर बसले, की मूल त्यांना शोधायला डोकं वर काढतं. डोकं वर गेलं की कंबर खाली. बाजूला, नजरेआड बसा. उताणं तरंगणं याहून अवघड, कारण कानात पाणी गेलेलं मुलांना खपत नाही. घाबरून ती पोट आत घेतात आणि खुर्चीत बसल्यासारखी खाली जातात. मानेखाली कोचचा तळवा, हनुवटी छताकडे, पोट वर: हे जमायला कित्येक तास लागतात. लागू द्या.

तक्रारी दोन. बुजरं मूल आपला नंबर गुपचूप मागच्याला देतं आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. आपलं मूल तासाला किती वेळा काठ सोडून निघालं ते मोजत चला. दुसरं, मध्येच नवी मुलं घेतली की सगळी बॅच पुन्हा बुडबुड्यांवर येते.

चार-पाच मीटर जायला लागलेल्या मुलावरही पाण्यात हाताच्या अंतरावरून नजर हवीच, बुडणारं मूल बहुधा ओरडत नाही. आणि काठावरच रडून बेजार होणाऱ्याला थेट गटात टाकू नका. आधी दोन-तीन वैयक्तिक तास, मग बॅच.