आयपॅड अस्सल होता, मालक दुसराच निघाला

42,700 रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण भेटेल तो पहिल्यांदा तेच विचारतो. आयपॅड एअर 36,000, पेन्सिल 5,500, कव्हर आणि काच 1,200. त्यातले 20,000 फोनवरून गेले, उरलेले 22,700 रोख. रोखीची कुठेच नोंद नाही, त्यामुळे कागदोपत्री मी 20,000 लाच फसलोय. हे ज्ञान मला एका हवालदाराने दिलं.

मी अकरावी-बारावीचे गणिताचे क्लास घेतो. मला हिशोब येतो, इंग्रजी वाचता येतं, अनोळखी लिंकवर मी आजवर बोट ठेवलेलं नाही. हे यासाठी लिहितोय की "मास्तर असून फसले" असं म्हणणाऱ्यांनी आधी पूर्ण वाचावं.

जुना लॅपटॉप इंटेलच्या सहाव्या पिढीचा. विंडोज 11 ला आठवी पिढी लागते आणि विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. म्हणजे काहीतरी घेणं भागच होतं. मग सुरू झाला तो घोळ सगळ्यांच्या घरी होतो. नवा लॅपटॉप घेऊन त्याला वाकॉमचा पेन टॅब्लेट जोडायचा? त्यात हात एकीकडे चालतो आणि नजर दुसरीकडे ठेवावी लागते, मला ते जमेना. सॅमसंगचा टॅब एस9 एफई? पेन खोक्यातच येतो, मेमरी कार्ड बसतं. लेनोवो? स्वस्त. आयपॅड? पेन्सिल वेगळी घ्यावी लागते, कार्डाला जागा नाही, पण लिहिताना कागदावर लिहिल्यासारखा हात चालतो आणि वर्षानुवर्षं अपडेट मिळत राहतात. भाच्याचं म्हणणं अँड्रॉइड, क्लासमधल्या पोरांचं म्हणणं अ‍ॅपल, शालकाचं म्हणणं "दोन्ही नको, लॅपटॉपच घ्या". रात्र-रात्र व्हिडिओ पाहिले. प्रोसेसर, रॅम, स्क्रीनचा ब्राइटनेस सगळं तोंडपाठ. विकणारा कोण आहे, याचा व्हिडिओ एकही पाहिला नाही, कारण तसला व्हिडिओ कुणी बनवतच नाही.

जळगाव जिल्ह्यातला माणूस मी. आमच्याकडे दोन ग्रॅमची अंगठी घेतली तरी हॉलमार्क बघतात, बिल घडी घालून कपाटात ठेवतात. आणि इथे 42 हजारांची वस्तू घेतली ती "एस्टिमेट" लिहिलेल्या गुलाबी चिठ्ठीवर.

दुकान शेजारच्या जिल्ह्यातल्या शहरात होतं. नाव लिहीत नाही, वकिलाने मनाई केली आहे. दिवाळीची गर्दी, काउंटरवर चार पोरं, भिंतीवर मोठ्या कंपन्यांचे फलक. "ओपन बॉक्स" माल म्हणे. गिऱ्हाइकाने खोकं उघडलं, रंग आवडला नाही म्हणून परत केलं, तो हा माल. स्वस्त का, तर "जीएसटी कमी झाला ना भाऊ". इथे कान टवकारायला हवे होते. 22 सप्टेंबर 2025 पासून मोठे टीव्ही, एसी 28 वरून 18 टक्क्यांवर आले हे खरं, पण लॅपटॉप-टॅब्लेट आधीपासून 18 वरच होते आणि आजही तिथेच आहेत. तुम्हाला कुणी हे वाक्य ऐकवलं तर तिथूनच मागे फिरा.

पक्कं बिल मागितलं. मागितलं होतं, लक्षात ठेवा. दुकानदार म्हणाला, "देतो ना सर, पण 18 टक्के म्हणजे 6,480 वर लागतील. कशाला उगाच? दुकान कुठे पळून चाललंय का?" तुमच्यापैकी किती जणांनी तिथे 6,480 मोजले असते? प्रामाणिकपणे सांगा.

आता त्याची करामत. त्याने सेटिंगमधला सिरीयल नंबर काढला, माझ्याच फोनवर अ‍ॅपलच्या संकेतस्थळावर टाकायला लावला. मॉडेल बरोबर, वॉरंटी शिल्लक. "बघा सर, शंभर टक्के जेन्युइन." आणि तो खोटं बोलत नव्हता! वस्तू अस्सलच होती. त्या पानावर वॉरंटी कळते. वस्तू कुठल्या कंपनीच्या नावावर नोंदलेली आहे ते कळत नाही. बनावट मालाची भीती त्याने खऱ्या मालाने घालवली आणि माझी सगळी शंका तिथेच संपली.

निघताना पिशवी हातात देत म्हणाला, "एक करा सर, अपडेट टाकू नका. आणि रिसेट तर अजिबात मारू नका, आमची वॉरंटी जाते."

या वाक्यावर मी आजही रात्री जागा होतो. वर्षानुवर्षं अपडेट मिळतात म्हणून जी वस्तू घेतली, तिच्यावर अपडेट टाकू नका म्हणे. आणि मी "बरं" म्हणालो. आता कारणं सांगता येतात: बायको बाहेर उन्हात उभी, एसटीची वेळ झालेली, चार पोरांसमोर शंका काढली तर आपणच येडे दिसू असं वाटलं. पण कुठल्याही धड वस्तूला रिसेटची भीती नसते. रिसेट करू नका म्हणणारा माणूस आत काहीतरी झाकून ठेवतोय. हे मी उभ्या खान्देशला ओरडून सांगायला तयार आहे.

संक्रांतीपर्यंत उत्तम चालला. मग अडकायला लागला. भाच्याने सगळं पुसून नव्याने सुरू केला. वायफाय जोडलं आणि स्क्रीनवर "रिमोट मॅनेजमेंट". खाली एका बड्या कंपनीचं नाव, ही वस्तू आमच्या व्यवस्थेखाली आहे, आमचा लॉगिन टाका. पुढे जाताच येईना.

प्रकार असा आहे. कंपन्या, शाळा शेकड्याने आयपॅड घेतात तेव्हा त्यांचे सिरीयल नंबर अ‍ॅपलकडे त्या संस्थेच्या नावावर नोंदले जातात. माणूस नोकरी सोडतो, वस्तू परत देत नाही, किंवा लॉटमधून गळते. मग कुणीतरी सॉफ्टवेअरने ती स्क्रीन टाळून वस्तू विकतो. पुसली की नोंद पुन्हा वर येते. ती फक्त ती संस्थाच काढू शकते, सर्व्हिस सेंटर नाही. मॅकबुकलाही हेच. विंडोज लॅपटॉपला अशीच नोंद ऑटोपायलट नावाने, सॅमसंगला नॉक्स नावाने. म्हणजे कुठला ब्रँड घ्यायचा याची ती सगळी चर्चा इथे फुकट.

दुकानदाराला फोन केला. आधी "माल मुंबईहून लॉटमध्ये येतो, आम्हाला काय माहीत", मग "3,500 द्या, नाव काढून देतो". तीच स्क्रीन पुन्हा टाळून देणार, पुढच्या रिसेटपर्यंत. दिले नाहीत. पुढच्या आठवड्यापासून फोन बंद. आणि 20,000 गेले होते ते दुकानाच्या खात्यात नाही, कुण्या भलत्याच माणसाच्या नावावर. क्यूआर स्कॅन केला की नाव समोर येतं, ते वाचत चला. मी वाचलं होतं, मालकाच्या भावाचं असेल असं वाटलं.

आईने सगळं ऐकून एवढंच विचारलं, "तुले कोनी सांगं व्हतं?" तिला काय सांगू, मीच चार जणांना विचारत फिरलो होतो.

आता ठाणं. पहिला प्रश्न बिलाचा. चिठ्ठी दाखवली. "हे बिल नाही." म्हटलं, त्यासाठीच तर आलोय. "वस्तू दिली ना त्याने? चालत होती ना? मग फसवणूक कसली, हे दिवाणी आहे." खरेदी कुठे केली? शेजारच्या जिल्ह्यात. "तिकडे जा." तिकडे गेलो. राहता कुठे? "मग तिकडे द्या तक्रार." मी म्हटलं, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 आहे, गुन्हा कुठेही घडला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. साहेबांनी मान वर केली. "वकील आहात?" नाही, शिक्षक. "एवढं कळतं तर फसलात कसे?"

आजूबाजूचे हसले. मी पण हसलो, हे जास्त लागलं.

सायबर कक्षात गेलो तर म्हणे पैसे दुकानात उभं राहून दिलेत, हे ऑनलाइन नाही. आणि जाताना वर सल्ला: "वस्तू चोरीची निघाली तर तुमच्याकडूनच जप्त होईल, जास्त ताणू नका." चोराला सोडून गिऱ्हाइकाला दम. अर्ज घेतला शेवटी, शिक्का मागितला तर "साहेब आले की". साहेब बंदोबस्ताला. साहेब मीटिंगला. साहेब रजेवर. अर्जावर काय झालं विचारलं तर नवीन माणूस, नवीन प्रश्न, पुन्हा बिलापासून सुरुवात. गुन्हा घडला यावरच त्यांचं एकमत होईना, गुन्हेगार कधी शोधणार?

स्क्रीनवरच्या कंपनीला मेल टाकला होता. उत्तर मात्र झटकन आलं: वस्तू आमच्या हरवलेल्या मालाच्या यादीत आहे, परत पाठवा, कुरिअरचा खर्च आम्ही देऊ. वा! वकील म्हणाले, ग्राहक आयोगापुढे तो पुरावा आहे, हलवू नका. म्हणून तो कपाटात पडून आहे. पेन्सिल तेवढी बिनमालकाची, पण लिहायची कशावर?

ग्राहक आयोगाचं मात्र ऐका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दुकान कुठेही असो. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षं. आणि बिल न देणं हीच त्या कायद्यात अनुचित व्यापार प्रथा आहे, त्यामुळे "बिल नाही म्हणून केस नाही" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. फोन लावून विचारायचं असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915. पैसे ऑनलाइन आणि नुकतेच गेले असतील तर सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930, तासाभरात, चहा नंतर प्या.

वापरलेला किंवा ओपन बॉक्स माल घ्यायचाच असेल तर दुकानदारासमोर सगळं पुसायला लावा, वायफाय जोडा, होम स्क्रीन दिसेपर्यंत काउंटर सोडू नका. नाही म्हणाला तर पैसे खिशात. बिलावर सिरीयल नंबर हाताने लिहिलेला असला तरी चालेल, पण हवा.

माझी पहिली नोटीस "दुकान बंद" शेरा मारून परत आली. दुकान बंद नाही, गल्ली बदललीय आणि फलक नवा आहे. भाचा बघून आला. दुसरी नोटीस नव्या पत्त्यावर जाते आहे. अशी स्क्रीन तुमच्याकडेही आली असेल तर तिचा फोटो, चिठ्ठी आणि पैसे ज्या नावावर गेले ते नाव जपून ठेवा. एकाच दुकानाचे अनेक ग्राहक असतील तर आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते. माझ्या चिठ्ठीवर अनुक्रमांक 418 आहे. आधीचे 417 कुठेतरी असतीलच.