गावात फायबर टाकताय? ईपॉन घ्यावं का जीपॉन

वरूड-मोर्शीकडचे बरेच केबलवाले आता फायबरवर येऊन राहिले अन् फोनवर एकच प्रश्न, भाऊ ओएलटी (केबलवाल्याकडं बसणारी मुख्य मशीन) कोणता घेऊ. ईपॉन अन् जीपॉन म्हणजे एका फायबरवरून अनेक घरांना नेट द्यायच्या दोन पद्धती. ईपॉन स्वस्त पडते, कुठल्याही कंपनीचा ओएनयू, म्हणजे घरचा डबा, लावला तरी बहुतेक वेळा लगेच धरतो, म्हणून मी बी सुरुवातीला तोच घेतला होता. पण हिशोब पाहा, ईपॉनच्या एका पोर्टवर 1 जीबीपीएस, जीपॉनवर डाऊनलोड जवळपास 2.5 अन् अपलोड 1.25. पोर्टवर 32 घरं अन् रात्री मॅचच्या टायमाले सगळे एकदम बसले तं ईपॉनवर घरामागं 31 एमबीपीएस, जीपॉनवर 78.

पण मी जीपॉन सांगतो त्याचं खरं कारण पुढचं आहे. ईपॉन अन् जीपॉन दोन्ही 1490 अन् 1310 नॅनोमीटरच्याच लाईटवर चालतात, एका फायबरवर सोबत नांदत नाहीत, त्यामुळे उद्या ईपॉन काढायचं म्हटलं तं त्या पोर्टवरची सगळी घरं एकाच वेळी बदलावी लागतात. एक्सजीएस-पॉन, म्हणजे दोन्हीकडून 10 जीबीपीएसवालं, ते 1577 अन् 1270 वर चालते, म्हणून जीपॉन असलं की त्याच फायबरवर ते बी चढते अन् ज्याले पाहिजे त्याच्याच घरचा डबा बदलायचा. आज गावात एक्सजीएस घ्यायची घाई मात्र करू नका, महाग आहे.

ज्यांच्याकडं ईपॉन आधीच आहे त्यांनी नवे ओएनयू एक्सपॉनचेच घ्या, ते दोन्हीवर चालतात, मग पुढं घरोघरी फिरणं वाचते.

अन् ओएलटीले दोष द्यायच्या आधी पॉवर मीटर लावा, फायबरमधून लाईट किती येते ते त्यावर दिसते. आमच्याकडं संत्र्याच्या बागेतल्या शेवटच्या घरी लाल लाईट लुकलुकत होता, मीटरवर -29 डीबीएम, अन् -27 च्या खाली गेलं की डबा सहसा धरतच नाही. 1:32 चा स्प्लिटर, म्हणजे एका फायबरच्या 32 वाटा करणारा, एकटाच 17 डीबी खातो, पण इथं गडबड दुसरीच, जॉइंट बॉक्समध्ये फायबर बोटाएवढ्या गोल्यात वळवून कोंबली होती. मोकळी करून मोठ्या गोल्यात बसवली तं -23.

ब्रँडमध्ये नोकिया, हुआवे, झेडटीई मोठे, आपल्याकडचे तेजस (बंगळुरू) अन् सायरोटेकसारखे बी आहेत. पण 2021 पासून लायसन्सवाल्या टेलिकॉम कंपन्यांना नवीन सामान सरकारनं ट्रस्टेड ठरवलेल्या सोर्सचंच जोडता येते, म्हणून ज्या कंपनीची लाईन तुम्ही घेता तिले मॉडेल नंबर पाठवा, होकार आला की मगच ॲडव्हान्स द्या.