टॅक्स-फ्री चाइल्डकेअर आणि नर्सरीचे ३० तास: इंग्लंडमधील काही महिन्यांच्या वापरानंतर

इंग्लंडमध्ये नोकरी करणाऱ्या आईवडिलांना मुलांच्या सांभाळाच्या खर्चासाठी सरकारकडून प्रामुख्याने दोन वाटांनी मदत मिळते. एक म्हणजे टॅक्स-फ्री चाइल्डकेअर हे ऑनलाइन खाते आणि दुसरी म्हणजे आठवड्याला ठरावीक तासांची नर्सरी विनाशुल्क मिळण्याची सोय. आमच्या धाकट्या मुलीसाठी आम्ही या दोन्हींचा आणि शाळेत जाणाऱ्या थोरल्यासाठी फक्त खात्याचा लाभ गेले काही महिने घेत आहोत. मदत भरीव आहे, याबद्दल शंका नाही. मात्र एकदा पात्रतेचा प्रश्न सुटला की ती पूर्णपणे पदरात पडणे हे तारखा सांभाळण्यावर अवलंबून असते, आणि नेमके हेच कोणी आधी सांगत नाही.

खात्याची रचना सोपी आहे. २०१७ साली सुरू झालेल्या या योजनेत प्रत्येक मुलाचे स्वतंत्र खाते उघडते. त्यात आपण ८ पौंड भरले की सरकार आपणहून २ पौंड घालते आणि जमा झालेल्या रकमेतून नर्सरीचे, चाइल्डमाइंडरचे (स्वतःच्या घरी मुले सांभाळणाऱ्या व्यक्तीचे) किंवा शाळेनंतरच्या क्लबचे पैसे थेट चुकते करता येतात. संबंधित संस्था नोंदणीकृत असली पाहिजे आणि तिने या योजनेतही नाव घातलेले असले पाहिजे, एवढीच अट आहे. खात्यात पैसे कोणीही भरू शकतो, त्यामुळे आजी-आजोबांनी किंवा मालकाने भरलेल्या रकमेवरही सरकारचा वाटा मिळतो. बँकेतून पैसे पाठवताना त्या मुलाच्या खात्याचा संदर्भ क्रमांक अचूक लिहावा लागतो. पैसे जमा होऊन पुढे नर्सरीला पोहोचेपर्यंत मधे एखादा कामकाजाचा दिवस जाऊ शकतो, म्हणून महिनाअखेरीस, त्यातही शनिवार-रविवार आणि बँकेची सुट्टी लागून आली असेल तर, आम्ही बिलाच्या तारखेच्या चार-पाच दिवस आधीच रक्कम भरून मोकळे होतो.

गोम आहे ती मर्यादेत. सरकारचा वाटा दर तीन महिन्यांना एका मुलामागे जास्तीत जास्त ५०० पौंड, म्हणजे वर्षाला २,००० पौंड इतकाच असतो. मूल दिव्यांग असेल तर ही मर्यादा दुप्पट होते. समजा नर्सरीचे बिल महिन्याला १,००० पौंड आहे. पहिल्या महिन्यात आपण ८०० भरतो, सरकार २०० घालते; दुसऱ्या महिन्यात तसेच. तिसऱ्या महिन्यात मात्र सरकारचे १०० पौंडच शिल्लक असतात आणि उरलेले ९०० आपल्या खिशातून जातात. तीन महिन्यांच्या ३,००० पौंडांवर ५०० मिळाले, म्हणजे ज्या २० टक्क्यांचा सगळीकडे उल्लेख होतो ते प्रत्यक्षात सतराच्या आसपास येतात. पूर्णवेळ नर्सरीत जाणाऱ्या लहान बाळाचे बिल याहून मोठे असल्यास हे प्रमाण आणखी घसरते. घरखर्चाचा अंदाज बांधताना वीस टक्के धरून चालू नये, असे मी स्वानुभवाने सांगेन.

हे तीन महिने कॅलेंडरचे नसतात. ते आपल्या अर्जाच्या वेळी ठरतात आणि खात्यात लॉग-इन केल्यावर त्यांची सुरुवात व शेवट दिसतो. त्या मुदतीत न वापरलेली मर्यादा पुढच्या मुदतीत सरकत नाही. मात्र खात्यात पैसे साठवून ठेवण्यास मज्जाव नाही, आणि आमच्या मते या योजनेचा सर्वांत उपयोगी भाग हाच आहे. आमचे आई-बाबा भेटीला आले की नर्सरीचे दिवस कमी होतात, बिल घटते आणि सरकारच्या वाट्यातील काही भाग वापराविना राहतो. अशा वेळी मुदत संपण्यापूर्वी आम्ही उरलेल्या मर्यादेपुरती रक्कम खात्यात भरून ठेवतो, त्यावर सरकारचे पैसे जमा होतात, आणि पुढे नर्सरीचे बिल मोठे आले की ते कामी येतात. थोरल्याच्या उन्हाळी हॉलिडे क्लबसाठी असेच साठवायचे तर त्याच्याच खात्यात भरावे लागते. एकाची मर्यादा दुसऱ्याला वापरता येत नाही. भरलेले पैसे परत काढायचे ठरवले तर त्यावर मिळालेला सरकारी वाटा सरकारकडे परत जातो, हेही ध्यानात ठेवलेले बरे.

मुदत संपताना आपली माहिती अजून तशीच आहे, असे दर तीन महिन्यांनी पुन्हा कळवावे लागते. त्याची आठवण चार आठवडे आधी येते आणि काम पाच मिनिटांचे असते. तरीही पगार, मुले आणि प्रवास यांच्या धबडग्यात ते मागे पडू शकते, म्हणून आम्ही दोघांच्याही फोनमध्ये ती तारीख घालून ठेवली आहे.

दुसरी वाट आठवड्याच्या ३० तासांची. सप्टेंबर २०२५ पासून इंग्लंडमध्ये पात्र आईवडिलांच्या नऊ महिन्यांच्या बाळापासून शाळा सुरू होईपर्यंतच्या मुलांना हे तास मिळतात. टॅक्स-फ्री चाइल्डकेअर संपूर्ण युनायटेड किंग्डममध्ये चालते. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांच्या तासांच्या योजना मात्र वेगळ्या आहेत. अर्ज मंजूर झाल्यावर अकरा अंकी कोड मिळतो आणि तो नर्सरीला द्यावा लागतो. तास कधी सुरू होतील हे बाळ नऊ महिन्यांचे झाल्याच्या दिवसावर ठरत नाही, तर त्यानंतर येणाऱ्या टर्मवर (शैक्षणिक सत्रावर) ठरते: १ जानेवारी, १ एप्रिल किंवा १ सप्टेंबर. शिवाय त्या टर्मच्या आदल्या दिवसापर्यंत कोड हातात असावा लागतो. बाळ ३ एप्रिलला नऊ महिन्यांचे झाले, तर तास सप्टेंबरपर्यंत मिळणार नाहीत आणि मधल्या काळाचे पूर्ण बिल आपल्यावरच येईल. रजा संपवून कामावर कधी परतायचे हे ठरवणाऱ्या आईने ही तारीख आधी पाहावी. अर्ज बाळ २३ आठवड्यांचे झाल्यापासून करता येतो, तेव्हा ३१ ऑगस्टची वाट पाहण्यात अर्थ नाही.

या तासांनंतरही बिल येतेच, आणि नवख्या आईवडिलांना तेच बुचकळ्यात टाकते. ३० तास हे वर्षातल्या ३८ आठवड्यांसाठी असतात, म्हणजे एकूण १,१४० तास. वर्षभर चालणारी नर्सरी ते सगळ्या आठवड्यांवर पसरवते तेव्हा आठवड्याला जेमतेम २२ तास वाट्याला येतात. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा असा नर्सरीचा दिवस धरला तर दोन दिवस आणि वर थोडेसे. आमच्या बिलात सर्वांत वर एकूण तास असतात, मग निधीचे तास (म्हणजे सरकार ज्यांचे पैसे देते ते) वजा केलेले, मग उरलेल्या तासांचे शुल्क आणि सर्वांत खाली जेवण, नॅपी, सनक्रीम यांची वेगळी ओळ. ही शेवटची ओळ ऐच्छिक असायला हवी. ती नाकारली म्हणून निधीचे तास नाकारता येत नाहीत, असा सरकारी नियम आहे. डबा व नॅपी घरून देण्याची मुभा आहे का, असे सौजन्याने विचारायला हरकत नसावी. उरलेल्या तासांचे शुल्क मात्र टॅक्स-फ्री चाइल्डकेअरच्या खात्यातून भरता येते, कारण या दोन्ही सोयी एकत्र घेता येतात.

पात्रतेबद्दल आपल्या लोकांनी दोन गोष्टी नीट तपासाव्यात. पहिली उत्पन्नाची. जोडप्यातील दोघांनीही पुढच्या तीन महिन्यांत सरासरी आठवड्याला १६ तासांच्या किमान वेतनाइतके कमावणे अपेक्षित असते; एप्रिल २०२५ च्या दराने, वय २१ किंवा अधिक असल्यास, हे सुमारे १९५ पौंड होतात. जोडीदार घरी असेल किंवा केवळ शिकत असेल तर साधारणपणे दोन्ही लाभ मिळत नाहीत. वरची मर्यादा प्रत्येकी १,००,००० पौंडांची आहे आणि ती सर्वांत अन्यायकारक वाटते. दोघांचे उत्पन्न प्रत्येकी ९९,००० असेल तर कुटुंब पात्र ठरते. एकाचे १,०१,००० आणि दुसऱ्याचे ३०,००० असेल तर अपात्र. हे उत्पन्न काही वजावटी करून मोजले जाते, त्यामुळे बोनस मिळून मर्यादा ओलांडली जाणार असेल तर पेन्शनमध्ये अधिक रक्कम भरण्याचा पर्याय तपासून पाहावा.

दुसरी गोष्ट व्हिसाची. दोघांपैकी किमान एकाकडे ब्रिटिश किंवा आयरिश नागरिकत्व, सेटल्ड किंवा प्री-सेटल्ड दर्जा (युरोपीय नागरिकांना व त्यांच्या कुटुंबीयांना मिळणारा राहण्याचा हक्क), अथवा सार्वजनिक निधी, म्हणजे सरकारी लाभ, घेण्याची परवानगी असावी लागते. स्किल्ड वर्कर व्हिसावर आलेल्या बहुतेकांना ही परवानगी नसते. अशा कुटुंबातील तीन-चार वर्षांच्या मुलांना सर्वांसाठी असलेले आठवड्याचे १५ तास तरीही मिळतात, त्यासाठी आईवडिलांच्या नोकरीची वा उत्पन्नाची अट नाही. अनेक जण 'आपल्याला काहीच मिळणार नाही' असे गृहीत धरून तेही सोडून देतात.

युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना मिळणारा सरकारी भत्ता) घेणाऱ्यांनी टॅक्स-फ्री चाइल्डकेअरच्या मागे लागण्यापूर्वी गणित करावे, कारण दोन्ही एकत्र घेता येत नाहीत. युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये एका मासिक कमाल मर्यादेपर्यंत खर्चाचे ८५ टक्के परत मिळू शकतात. मात्र पैसे आधी भरून नंतर मागावे लागतात. कमी उत्पन्नाच्या कुटुंबाला तेच बहुधा फायद्याचे ठरते, आणि ३० तास त्याच्या जोडीला घेता येतात.

मुले शाळेत गेली की हे खाते बंद करण्याची घाई करू नये. ते मूल ११ वर्षांचे झाल्यानंतरच्या १ सप्टेंबरपर्यंत चालते. आमच्या थोरल्याच्या शाळेनंतरच्या क्लबचे बिल धाकटीच्या नर्सरीपुढे किरकोळ आहे, म्हणून तिथे तिमाही मर्यादा कधी आडवी येत नाही आणि २० टक्के खरोखर २० टक्केच मिळतात. क्लबने योजनेत नाव घातले नसेल तर कार्यालयात विचारणा करावी. पालकांनी मागणी केल्यावर नोंदणी करणारे क्लब आमच्या पाहण्यात आहेत.