युव्हर्जन बायबल अ‍ॅप: रोजच्या मननाला कितपत पुरते?

हे अ‍ॅप २००८ पासून चालू आहे. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातील लाइफ.चर्च ही मंडळी ते चालवते. पैसे पडत नाहीत, जाहिराती नाहीत. वाचनासाठी ते उत्तमच. मनन व्हायचे असेल तर मात्र आधी त्यात बरीच काटछाट करावी लागते.

पहिला प्रश्न आवृत्तीचा. मराठीत संपूर्ण बायबलासाठी दोन आवृत्त्या कामाच्या आहेत: बायबल सोसायटी ऑफ इंडियाची आर.व्ही. (रिवाइज्ड व्हर्जन) आणि २०१९ ची आयआरव्ही (इंडियन रिवाइज्ड व्हर्जन). मंडळीत आर.व्ही. वाचली जात असेल तर तीच मुख्य ठेवावी आणि वाक्य अडले तरच दुसरी उघडावी. रोज आवृत्ती बदलली की एकही वचन धड पाठ होत नाही. या दोन्हींत पुस्तके ६६च आहेत. तोबीत किंवा मक्काबी ही फक्त कॅथलिक बायबलात असलेली पुस्तके मिस्साच्या (कॅथलिक उपासनेच्या) वाचनात आली की वसईकर कॅथलिकांना आपले छापील बायबलच काढावे लागेल.

खरी मेख रीडिंग प्लॅनमध्ये, म्हणजे रोजच्या वाचनाच्या वेळापत्रकात आहे. बहुतेक जण १ जानेवारीला उत्पत्तीपासून ‘वर्षभरात बायबल’ सुरू करतात. अध्याय ११८९, म्हणजे दिवसाला सव्वातीन. उत्पत्तीचे ५० अध्याय गोष्टींच्या ओघात सरतात. २३ जानेवारीच्या सुमारास निर्गम २५ येते, निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची मापे सुरू होतात, आणि महिनाअखेरीस यज्ञांच्या नियमांचे लेवीय. वाचन बहुधा तिथेच सुटते. दोष इच्छाशक्तीचा कमी, क्रमाचा जास्त.

नवख्याने नवा करार घ्यावा. त्याचे अध्याय २६०. आठवड्याला पाच दिवस, रोज एक अध्याय धरला तर बरोबर ५२ आठवडे. दोन दिवस मोकळे राहतात, मागे पडलेले त्यात भरून निघते. सुरुवात मार्कपासून करावी, १६च अध्याय आहेत. मुरलेल्या वाचकासाठी स्कॉटलंडचे पाळक रॉबर्ट मॅकचेन यांनी १८४२ साली आखलेला प्लॅन अजूनही सर्वांत शहाणा वाटतो. उत्पत्ती, एज्रा, मत्तय आणि प्रेषितांची कृत्ये अशा चार ठिकाणांहून तो एकदम निघतो; दोन वाचने कुटुंबासाठी, दोन एकांतासाठी. लेवीय आले तरी सोबत बाकीची तीन वाचने असतात. वर्षात जुना करार एकदा होतो, नवा करार आणि स्तोत्रे दोनदा. पण रोज चार अध्याय म्हणजे वीस-पंचवीस मिनिटे. तेवढा वेळ नसेल तर या वाटेला जाऊ नये.

मराठीतले छोटे मनन-प्लॅन इंग्रजीच्या मानाने कमी आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांची मराठी भाषांतराच्या वासाची. सरळ शास्त्रपाठ वाचलेला बरा.

‘आजचे वचन’ ही सोय सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत फसवी. यिर्मया २९:११ हे हिताच्या संकल्पांचे वचन दहावीच्या निकालाला हमखास फिरते. ते बाबेलमधल्या बंदिवानांना लिहिलेल्या पत्रातले आहे, आणि आधीच्याच वचनात सत्तर वर्षे थांबण्याची गोष्ट आहे. म्हणून एकटे वचन पुढे पाठवण्याआधी त्यावर बोट टेकवून पूर्ण अध्याय उघडावा.

अ‍ॅप दाखवते तो सलग वाचनाच्या दिवसांचा आकडा हीसुद्धा दुधारी गोष्ट. दिवस पूर्ण झाल्याची खूण एका बोटाने होते, अध्याय डोक्यात शिरो वा न शिरो. आकडा राखायला रात्री पावणेबाराला घाईने पान सरकवणे म्हणजे हजेरीपटावरची सही. त्याकडे लक्षच देऊ नये. मागे पडल्यास प्लॅनच्या तारखा पुढे सरकवता येतात. एका बैठकीत नऊ अध्याय कोंबू नयेत.

सूचनांपैकी रोजच्या वाचनाची एकच ठेवावी, ठरलेल्या वेळेची. फोन ‘डू नॉट डिस्टर्ब’वर टाकल्याशिवाय अ‍ॅप उघडू नये, नाहीतर मार्क १ चे तिसरे वचन येईतो व्हॉट्सअ‍ॅप उघडलेले असते. अक्षर मोठे करावे. अध्याय एकदा मनात, एकदा मोठ्याने वाचावा. वचने रंगवताना रंग दोनच वापरावेत: आज्ञेला एक, अभिवचनाला एक. चार-पाच रंग झाले की महिन्याभरात पान रांगोळीसारखे दिसते आणि काहीच सापडत नाही. अ‍ॅपमध्ये टिपणाची सोय आहे, पण एक वचन वहीत हाताने उतरवून त्याच शब्दांत प्रार्थना केलेली जास्त टिकते.

कौटुंबिक उपासनेत फोन एकाच्याच हाती असावा, बाकीच्यांपुढे छापील पवित्र शास्त्र. गायनासाठी ‘उपासना संगीत’ हे गीतांचे पुस्तक जवळ ठेवावे.